रिपोर्ट नॉर्मल, पोट मात्र नाही

माझा एक मित्र सकाळी बोरिवलीहून चर्चगेटला जाताना फास्ट लोकल कधी पकडत नाही. समोर फास्ट उभी असली, बसायला जागा असली, तरी हा स्लोची वाट बघत थांबतो. कारण ती फास्ट बोरिवलीनंतर थेट अंधेरीला थांबते आणि लोकलच्या डब्यात संडास नसतो. कुठल्या स्टेशनातलं शौचालय कोणत्या टोकाला आहे, हे त्याला तोंडपाठ आहे.

परवा त्याने फाइल दाखवली. सोनोग्राफी, कोलोनोस्कोपी, थायरॉइड, शौचाची तपासणी, सगळं नॉर्मल. त्यावर घरच्यांचा निकाल : "तुला काही झालेलं नाही, मनाचे खेळ आहेत सगळे." हे वाक्य मला सहन होत नाही, म्हणून हा लेख.

त्याला आहे इरिटेबल बॉवेल सिंड्रोम, म्हणजे आयबीएस. डॉक्टर वापरतात त्या २०१६च्या रोम निकषांनुसार, गेले तीन महिने आठवड्यातून निदान एक दिवस पोट दुखतं आणि त्या दुखण्याचा शौचाशी, म्हणजे किती वेळा होते, घट्ट की पातळ, याच्याशी संबंध असतो. कोलोनोस्कोपीत काही दिसत नाही, कारण दुर्बीण आतड्याचं अस्तर बघते. जखम, गाठ, सूज असेल तर ती दिसेल. इथे बिघाड संदेशवहनात आहे. रूळ धड, गाडी धड, पण सिग्नल फेल. मुंबईकराला याहून जास्त काय समजावणार?

हे संदेशवहन मोठं गमतीचं आहे. १८९९ साली बेलिस आणि स्टार्लिंग या इंग्रज शास्त्रज्ञांनी कुत्र्याच्या आतड्याला बाहेरून येणाऱ्या नसा तोडल्या. तरीही आतून दाब दिला की आतडं दाबाच्या मागे आकुंचन पावे आणि पुढे सैल पडे. मेंदूला न विचारता! आतड्याच्या भिंतीत स्वतःचं मज्जाजाळं आहे, दहा कोटींहून जास्त पेशींचं. त्याला जागं करतं सेरोटोनिन. हे 'आनंदाचं रसायन' म्हणून मिरवतं, पण शरीरातलं नव्वद टक्क्यांच्या आसपास सेरोटोनिन आतड्यात असतं. अन्नाचा दाब पडला की अस्तरातल्या खास पेशी ते सोडतात, शेजारचे मज्जातंतू चेतवले जातात आणि मग अस्तरच ते परत शोषून घेतं. एकच रसायन, पण ५-एचटी-४ या ग्राहीवर, म्हणजे पेशीवरच्या ते पकडणाऱ्या जागेवर, बसलं की आतड्याची हालचाल वाढते, ५-एचटी-३वर बसलं की मळमळ आणि वेदनेचे संदेशही वर जातात. ओकारीवर देतात ती ऑनडान्सेट्रॉन हीच दुसरी ग्राही अडवते, म्हणूनच तिने बद्धकोष्ठ होऊ शकतो.

आता समजा, पावसाळ्यात दूषित पाण्याने जुलाब झाले. जंतू गेले, पण सुमारे दहांतल्या एकाला आयबीएस मागे राहतो. अशा काहींच्या अस्तरात सेरोटोनिनच्या पेशी वाढलेल्या सापडतात. गुदाशयात छोटा फुगा फुगवून केलेल्या चाचण्यांत आयबीएसच्या अनेक रुग्णांना इतरांपेक्षा कमी हवेतच कळ येते. म्हणजे तुमच्या पोटात जो वायू गुपचूप फिरतो, तोच त्याच्या पोटात मुरडा होतो. मनाचा संबंध आहेच, ताणाने हे सगळं वाढतं. पण आतड्याला मेंदूशी जोडणाऱ्या व्हेगस नसेतले बहुतेक तंतू पोटाकडून वर जाणारे आहेत, हेही घरच्यांना सांगा.

बेंबी सरकली म्हणून पोट चोळून घेणारे आणि 'आतड्यातलं विष' काढणारी डिटॉक्स पावडर विकणारे यांच्याबद्दल काय बोलावं? त्या पावडरींत कित्येकदा सोनामुखीसारखं रेचक असतं. आधीच चिडलेल्या आतड्याला चाबूक.

शौचात रक्त, आपोआप घटणारं वजन, रक्तक्षय, रात्री झोपेतून उठवणारे जुलाब किंवा पन्नाशीनंतर पहिल्यांदाच सुरू झालेला त्रास असेल तर मात्र आयबीएस म्हणून घरी बसू नका.

आहाराचं सांगायचं तर मेलबर्नच्या मोनॅश विद्यापीठाने लोकप्रिय केलेली पद्धत आहे. कांदा, लसूण, गहू, राजमा, छोले, दूध यांतल्या आंबणाऱ्या शर्करा चार ते सहा आठवडे टाळायच्या आणि मग एकेक पदार्थ परत आणून बघायचा, आहारतज्ज्ञाला विचारून. जन्मभर टाळायचं नाही. लसणातली त्रासदायक शर्करा पाण्यात विरघळते, तेलात नाही. म्हणून मित्राची आई आता तेलात लसूण तांबूस करते, पाकळ्या काढून टाकते आणि त्याच तेलाची फोडणी देते. वास तोच. सोबत रोज इसबगोल, तेही थोड्यापासून वाढवत नेलेलं.

उठल्यावर आणि नाश्त्यानंतर मोठ्या आतड्याच्या हालचाली जोरात असतात, संध्याकाळी त्या मानाने शांत. गेल्या आठवड्यात मित्राने घरी येताना फास्ट पकडली. सकाळी अजून स्लोच.