मोज्याच्या धाग्यातला पीळ

काच उचलताना घालायचे पिवळे हातमोजे मी मुंबईतल्या नागदेवी स्ट्रीटवरून आणले आणि घरी येताच त्यातला एक मनगटाकडून उसवला. धागा दुपदरी निघाला. पदर सुटे करायला पीळ उलटा फिरवावा लागला. आतल्या एकेका पदरालाही पीळ होता, पण विरुद्ध दिशेचा.

वडील परळच्या एका गिरणीत डबलिंग खात्यात, म्हणजे सुताचे पदर जोडून पीळ देण्याच्या खात्यात होते. सुताचा हातभर तुकडा दोन्ही हातांत धरून ते हात जवळ आणायचे. मधली सैल झोळी स्वतःभोवती गिरक्या घेऊ लागली की म्हणायचे, "अजून पीळ बसला नाही." मोज्यातल्या धाग्याची झोळी मात्र शांत लोंबत राहिली.

हा तंतू पॅरा-अरामिडचा. त्याचं आपल्याला माहीत असलेलं नाव केवलार. ड्यूपाँ कंपनीत स्टेफनी क्वोलेक यांना तो 1965 मध्ये सापडला. वजनाला वजन लावलं तर तो पोलादाच्या पाचपट मजबूत भरतो. मात्र ही ताकद सरळ ताणलेल्या तंतूची आहे. मोज्यासाठी तोच तंतू दीड-दोन इंचांचा कापून कापसासारखा कातला जातो आणि हे तुकडे एकमेकांना धरून राहतात ते केवळ पिळामुळे.

पीळ कमी पडला तर तंतू एकमेकांवरून घसरतात. जास्त झाला तर ते तिरपे होतात आणि ताण त्यांच्या लांबीच्या दिशेने येत नाही. तंतू 30 अंशांनी कलला तर ढोबळ हिशेबाने त्याची पाव ताकद वाया जाते. पदर जोडण्याची किमया इथेच आहे. दोन पदर उलट्या दिशेने वळले की बाहेरचे तंतू पुन्हा बरेचसे धाग्याच्या लांबीला समांतर येतात आणि पकडही टिकते. दोन्ही पिळांची ओढ एकमेकांना तोलते, म्हणून झोळी शांत राहते. शिवाय एका पदराची बारीक जागा दुसऱ्याच्या जाड जागेशेजारी येण्याची शक्यता असते. त्यामुळे सुताचा कमी-जास्तपणा सुमारे 30 टक्क्यांनी घटतो. धागा तुटतो तो सर्वांत बारीक जागी, तेव्हा हा फायदा मोठाच.

दोन वेगळ्या जातींचे पदर एकत्र वळले की खरी परीक्षा सुरू होते. अग्निशमन दलाच्या पोशाखासाठी वापरला जाणारा मेटा-अरामिड, म्हणजे नोमेक्स, तुटण्यापूर्वी वीस टक्क्यांहून जास्त ताणला जातो. पॅरा-अरामिड जेमतेम तीन-चार टक्के. दोघे सारख्या लांबीने वळले तर सगळा भार आधी ताठ भावावर पडतो आणि लवचीक भावाने जोर लावण्याआधीच तो तुटतो. दोघांच्या ताकदीची बेरीज हाती येत नाही. म्हणून ताठ पदर लवचीक पदराभोवती गुंडाळतात. त्या वळणांमुळे त्याला थोडी ढील मिळते आणि ताण दोघांत वाटला जातो. मला हा भाग सर्वांत सुंदर वाटतो, कारण इथे रसायन तेच राहतं आणि फक्त वळणाने धाग्याचा स्वभाव बदलतो.

अतिलांब रेणूंच्या पॉलिएथिलिनचा पदर पाण्यावर तरंगण्याइतका हलका असतो आणि सुरीला सहजी दाद देत नाही, पण 150 अंश सेल्सिअसच्या आतच वितळतो. अरामिड वितळतच नाही. उसवलेला धागा मी चिमट्यात धरून गॅसच्या ज्योतीवर नेला. तो काळा पडला आणि बाहेर काढताच विझला. हवेत ऑक्सिजन 21 टक्के असतो, अरामिडला जळत राहायला त्याहून बराच जास्त लागतो. भिंगाखाली पाहिलं तर कोळशातही दोन पदरांची वळणं स्पष्ट दिसत होती. सुंभ जळाला तरी पीळ जळत नाही, हे मी अक्षरशः पाहिलं.

हे मोजे वापरणाऱ्यांनी एक सांभाळावं. धुतल्यावर ते गॅलरीतल्या उन्हात टाकू नयेत आणि त्यांना ब्लीच लावू नये. उन्हातल्या अतिनील किरणांनी आणि क्लोरीनने अरामिड कमजोर होतो. पंख्याखाली वाळायला पावसाळ्यात दोन दिवस लागले तरी चालेल.