केमो पोर्टची निगा

केमो पोर्ट म्हणजे कॉलरबोनच्या खाली कातडीच्या आत बसवलेली नाण्याएवढी डबी, टायटॅनियमची किंवा प्लास्टिकची. वर सिलिकॉनचा जाड पडदा, आणि डबीतून निघालेली बारीक नळी मोठ्या शिरेतून थेट हृदयाच्या तोंडाशी पोचते. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीपासून हे कॅन्सर पेशंटना बसवतात, कारण केमोने हाताच्या शिरा जळून कडक होतात आणि मग सिस्टर दहा ठिकाणी टोचत बसते.

पोर्ट किती टिकणार हे बरंचसं टोचणाऱ्या हातावर. सुई हबरचीच हवी, तिचं टोक असं वळवलेलं असतं की पडदा फक्त चिरला जातो, साध्या सुईने त्याचा तुकडा निघतो आणि मग गळती. आधी क्लोरहेक्सिडीनने (जंतुनाशक) कातडी चोळून साफ करायची आणि ते आपोआप वाळू द्यायचं (फुंकर मारून नाही, हे बघितलंय म्हणून सांगतोय). मग डबी दोन-तीन बोटांत घट्ट धरून सुई सरळ आत, तळाला टेकल्याचं हाताला कळतं. सुई लावूनच ठेवायची असेल तर साधारण ७ दिवसांनी बदलतात.

औषध सोडण्याआधी रक्त मागे येतंय का बघायचंच, त्यात घाई नाही. सलाईन आत जातंय पण रक्त येत नाही असं बऱ्याचदा होतं, कारण नळीच्या टोकाशी फायब्रिनची (रक्त गोठवणाऱ्या प्रथिनाची) जाळी धरते. तेव्हा पेशंटला खोकायला सांगतात, हात वर करायला, कुशीवर वळायला, आणि तरीही नाही आलं तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय केमो सोडायचा नाही, औषध बाहेर झिरपलं तर मांस सडू शकतं.

फ्लशला, म्हणजे सलाईन ढकलून नळी धुवायला, सिरिंज १० मिलीची, कारण लहान सिरिंजने प्रेशर जास्त येतं आणि नळी फाटू शकते. थोडं ढकल, थांब, परत ढकल असं करायचं म्हणजे आत भोवरा होऊन नळी धुतली जाते. रक्त काढलं किंवा चढवलं असेल तर २० मिली. शेवटी हॉस्पिटलच्या पद्धतीप्रमाणे हेपरिन (रक्त गोठू न देणारं औषध) नाहीतर नुसतं सलाईन, आणि शेवटचं थोडं ढकलत असतानाच सुई काढायची, म्हणजे रक्त उलटं नळीत शिरत नाही.

केमो संपला की लोक पोर्ट विसरूनच जातात, पण तो वापरात नसला तरी फ्लश लागतोच, पूर्वापार दर ४ आठवड्यांनी, हल्ली काही ठिकाणी ३ महिन्यांनीही चालवतात. आणि फ्लशनंतर थंडी वाजून ताप आला तर घरी क्रोसिन घेऊन झोपायचं नाही, त्याच दिवशी हॉस्पिटल गाठायचं.