कुलूप दिसलं म्हणजे दुकान खरं?

सांगलीत ऑनलाइन खरेदीचा विषय निघाला की एक वाक्य हमखास कानावर येतं: ‘वेबसाइटच्या पत्त्याशेजारी कुलूप आहे ना, मग भर बिनधास्त पैसे.’ हा गैरसमज महागात पडतो. मार्केट यार्डातल्या काट्यावर वजनमापे खात्याचा शिक्का असतो. तो वजनाची खात्री देतो, पोत्यातल्या हळदीच्या प्रतीची नाही. कुलपाचंही तसंच. तुम्ही उघडलेल्या पत्त्याशीच तुमचं बोलणं चालू आहे आणि मधल्या कुणाला ते वाचता येत नाही, एवढंच ते सांगतं.

पण हे तरी ते कशाच्या जोरावर सांगतं? डिजिटल सहीच्या. रिव्हेस्ट, शामिर आणि एडलमन यांनी १९७७ मध्ये शोधलेली रीत कॅल्क्युलेटरवर करून बघा, फार सुंदर आहे. ३ आणि ११ या मूळ संख्या घ्या. गुणाकार ३३. जाहीर किल्ली, म्हणजे सगळ्यांना माहीत असलेली, ३; गुप्त किल्ली, म्हणजे फक्त सही करणाऱ्याकडे असलेली, ७. (दोन्हींचा गुणाकार २१, त्याला मूळ संख्यांतून एकेक वजा करून आलेल्या २ × १०, म्हणजे २० ने भागलं की बाकी १ उरते. जोडी अशीच निवडायची.) समजा, मजकुराचा हॅश, म्हणजे त्याचा आकड्यातला ठसा, ४ आला. सही करणारा ४ चा सातवा घात काढतो: १६३८४. ३३ ने भागून बाकी १६. ही सही. तुमचा मोबाइल १६ चा तिसरा घात काढतो: ४०९६. ३३ ने भागा, बाकी ४! ठसा जुळला. मजकूर बदलला तर ठसा बदलतो, आणि नवी सही करायला ७ हवेत. ते शोधायचे तर ३३ चे अवयव पाडावे लागतात. इथे ते सोपं आहे. प्रत्यक्षात ही संख्या बहुधा २०४८ बिटांची, म्हणजे ६१७ अंकी असते. तिचे अवयव पाडणं आजच्या संगणकांच्या आवाक्याबाहेर आहे.

वेबसाइटचा पत्ता आणि तिची जाहीर किल्ली यांची जोडी ज्यात नोंदलेली असते, त्या प्रमाणपत्रावर अशी सही प्रमाणपत्र देणारी संस्था करते, आणि विश्वासू संस्थांची यादी मोबाइलमध्ये आधीच भरलेली असते. गणित पक्कं, पण संस्था माणसांच्याच. २०११ मध्ये नेदरलँड्सच्या डिजिनोटार या संस्थेत हॅकर घुसले, गुगलच्या नावाची खोटी प्रमाणपत्रं निघाली आणि ती संस्था बुडाली.

साधं प्रमाणपत्र देताना फक्त पत्ता तुमच्या ताब्यात आहे का, हे तपासतात. लेट्स एन्क्रिप्ट ही संस्था ते फुकट देते. भामट्यालाही ते मिळतं. म्हणूनच क्रोम या ब्राउझरने २०२३ मध्ये पत्त्याशेजारचं कुलूप काढून टाकलं. ‘मिलिटरी ग्रेड सुरक्षा’ या जाहिरातीलाही भुलू नका. तेच एन्क्रिप्शन, म्हणजे मजकूर गुप्त करण्याची रीत, तुमच्या रोजच्या ब्राउझरमध्ये असतं.

तेव्हा पत्ता वाचा, आणि शेवटाकडून वाचा. बँकेचं नाव सुरुवातीला कुणीही चिकटवू शकतो. मालकी कळते ती ‘https://’ सोडून पुढे येणाऱ्या पहिल्या तिरक्या रेघेच्या लगेच आधीच्या भागावरून. रिझर्व्ह बँकेने २०२५ मध्ये बँकांना ‘डॉट बँक डॉट इन’ने संपणारे पत्ते घ्यायला लावले ते याचसाठी. तो शेवट बँकांसाठीच राखीव आहे.