गालाचं अस्तर आणि त्याखालचा पातळ पडदा

घोडबंदर रस्त्यावरून रोज दुचाकीने कामाला जाणाऱ्यांना संध्याकाळी काळपट झालेला रुमाल नवा नाही. रुमालावर येते ती नाकात अडलेली धूळ. तिच्या पुढे श्वासनलिकेत गेलेली धूळ कोण काढतं?

ते काम करतं श्वसनमार्गाचं अस्तर, म्हणजे रोमक अभिस्तर. नववीच्या विज्ञानात ऊतींच्या धड्यात मुलं हे नाव पाठ करतात, पण त्यामागचं काम बघण्यासारखं आहे. इथल्या उभट पेशींच्या माथ्यावर प्रत्येकी साधारण २०० सूक्ष्म रोमक, म्हणजे केसांसारखे हलणारे तंतू असतात. सेकंदाला १०-२० वेळा ते एकाच दिशेने हलतात. मधूनमधून असलेल्या चषक पेशी चिकट द्रव सोडतात, धूळ त्यात रुतते आणि तो थर मिनिटाला काही मिलिमीटर या गतीने घशाकडे सरकत राहतो. नकळत आपण तो गिळतो. पुढचं जठरातलं आम्ल बघून घेतं. झोपेतही हे थांबत नाही.

सिगारेटच्या धुराने हे रोमक मंदावतात, आखूड होतात. वर्षानुवर्षं धूर चालूच राहिला तर ठिकठिकाणी उभट पेशींच्या जागी चपट्या पेशींचे थर येतात. हे नवं अस्तर धूर सोसतं, पण त्याला रोमक नसतात. मग साचलेला कफ काढायला एकच मार्ग उरतो, खोकला.

अभिस्तर ऊतींचे प्रकार समजून घ्यायचे तर पेशीचा आकार आणि थरांची संख्या बघावी, कारण दोन्ही तिच्या कामावरून ठरतात. फुफ्फुसातल्या वायुकोशांत चपट्या पेशींचा एकच थर असतो. हवा आणि रक्त यांच्यातलं अंतर तिथे एका मायक्रॉनहूनही (मिलिमीटरचा हजारावा भाग) कमी भरतं, म्हणून ऑक्सिजन सहज पार होतो. तिथे रोमकही नसतात, त्यामुळे तिथवर पोचलेली अतिसूक्ष्म धूळ जास्त घातक. मूत्रपिंडाच्या नलिकांत घनाकृती पेशी असतात. दिवसाला सुमारे १८० लिटर द्रव गाळला जातो आणि त्यातला बहुतेक सगळा या नलिका परत शोषून घेतात, म्हणून लघवी दीड-दोन लिटरच होते. लहान आतड्यात उभट, स्तंभासारख्या पेशी अन्नरस शोषतात. तिथलं काम इतकं झिजवणारं, की ते अस्तर तीन ते पाच दिवसांत नवं होतं.

मूत्राशयाचं अस्तर मला सगळ्यात विलक्षण वाटतं. लोकलमध्ये शौचालय नसतं. कर्जतहून सीएसएमटीला निघालेला माणूस तासन् तास लघवी धरून बसतो, तेव्हा मूत्राशय फुगत जातं आणि त्याच्या अस्तरातल्या फुगीर पेशी ताणून चपट्या होतात. रिकामं झालं की पुन्हा पूर्ववत. एवढ्या ताणातही लघवी आतल्या ऊतींत झिरपत नाही.

त्वचेवर आणि तोंडात घर्षण फार, म्हणून तिथे पेशींचे थरांवर थर. त्वचेच्या वरच्या पेशी केराटिन नावाच्या चिवट प्रथिनाने भरून मरतात आणि गळून पडतात. गालाच्या आतल्या बाजूला मात्र असं कडक कवच नसतं, म्हणून ती मऊ आणि गुलाबी.

तंबाखू-चुन्याची गोळी रोज त्याच जागी धरली की गालाचं अस्तरही केराटिन बनवू लागतं. ओलं केराटिन पांढरं दिसतं, तोच तो न खरवडता येणारा पांढरा चट्टा. तो दुखत नाही, म्हणून माणूस दुर्लक्ष करतो. प्रत्येक चट्ट्याचा कर्करोग होत नाही, पण काहींचा होतो, आणि कोणत्याचा होणार हे नुसतं बघून सांगता येत नाही.

सगळ्या अभिस्तरांत एक गोष्ट समान आहे. पेशी एकमेकींना घट्ट चिकटलेल्या, त्यांच्यात रक्तवाहिनी नाही आणि खाली आधार-पटल नावाचा पातळ पडदा. अन्न आणि ऑक्सिजन या पडद्यातून वर झिरपतं. बिघडलेल्या पेशी पडद्याच्या वर आहेत तोवर त्यांना रक्तवाहिन्या आणि लसीकावाहिन्या (ऊतींमधला जादा द्रव वाहून नेणाऱ्या बारीक नळ्या) गाठता येत नाहीत, म्हणजे शरीरभर पसरता येत नाही. पडदा भेदला की ती वाट उघडते. प्रौढांमधले बहुसंख्य कर्करोग अशा कुठल्या ना कुठल्या अस्तरातच सुरू होतात.

खारघरला टाटा स्मारक केंद्राचं कर्करोग संशोधन आणि उपचारांचं मोठं केंद्र आहे. तिथे काय किंवा ठाण्यातल्या एखाद्या लहान प्रयोगशाळेत काय, गालाच्या तुकड्याची तपासणी करताना सूक्ष्मदर्शकाखाली हेच बघितलं जातं : पेशी किती बदलल्यात आणि पडदा शाबूत आहे का. महाराष्ट्रात गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे, तरी तंबाखू आणि सुपारी कोपऱ्याकोपऱ्यावर मिळते. तेव्हा घरात कुणी खाणारं असेल तर उजेडात त्याचा गाल, जीभ आणि ओठामागची खाच बघा. पांढरा किंवा लाल चट्टा, दोन आठवड्यांत न भरलेली जखम, किंवा तोंड पूर्वीइतकं न उघडणं, यातलं काहीही दिसलं तर दुखायची वाट न बघता दंतवैद्याकडे घेऊन जा.