सॉलिड स्टेट ट्रान्सफॉर्मर आणि किनाऱ्याची खारी हवा

कोकणात ज्याला सर्रास ‘डीपी’ म्हणतात, ते दोन खांबांवर चढवलेले रोहित्र (ट्रान्सफॉर्मर) ११ किलोव्होल्टचा दाब ४३३ व्होल्टपर्यंत उतरवते. त्याच्या वजनाचे मूळ आपल्या विजेच्या ५० हर्ट्झ या संथ वारंवारतेत आहे. फॅरडेने १८३१ साली शोधलेल्या नियमानुसार वेटोळ्यातला दाब वारंवारता, वेढे, गाभ्याचा छेद आणि चुंबकीय घनता यांच्या गुणाकारावर ठरतो. म्हणून वारंवारता वाढवली की तेवढ्याच दाबासाठी गाभा लहान चालतो.

सॉलिड स्टेट ट्रान्सफॉर्मर, म्हणजे इलेक्ट्रॉनिक स्विचांच्या मदतीने दाब बदलणारे रोहित्र, याच नियमाचा लाभ घेतो. पहिल्या टप्प्यात ११ किलोव्होल्टच्या एसीचे डीसी होते, दुसऱ्यात त्या डीसीपासून सुमारे २० किलोहर्ट्झची चौकोनी लहर करून ती छोट्या रोहित्रातून पलीकडे नेतात आणि तिसऱ्यात पुन्हा ५० हर्ट्झची वीज तयार होते. एका फेजचा दाब ६.३५ किलोव्होल्ट, म्हणजे शिखरावर जवळजवळ ९ किलोव्होल्ट असतो. १७०० व्होल्टचा आयजीबीटी (वीज झटपट चालू-बंद करणारा अर्धवाहक स्विच) वापरला, तर प्रत्येक एच-ब्रिजच्या (अशा चार स्विचांच्या जोडणीच्या) डीसी बाजूवर साधारण हजार व्होल्टच ठेवता येतात. त्यामुळे एका फेजला किमान नऊ-दहा ब्रिज एकापाठोपाठ जोडावे लागतात आणि तीन फेजचे मिळून तीसच्या घरात जातात. प्रत्येकामागे स्वतःचे छोटे रोहित्र असते.

वारंवारता ४०० पट वाढली म्हणून गाभा ४०० पट घटत नाही. सिलिकॉन पोलाद १.६ टेस्लापर्यंत चालवतात, तर उच्च वारंवारतेच्या गाभ्यासाठी वापरले जाणारे फेराइट हे चुंबकीय सिरॅमिक तापू नये म्हणून ०.२ टेस्लाच्या आसपास ठेवावे लागते. म्हणजे उरणारा फायदा सुमारे ५० पट. तोही मोठाच आहे.

खरी अडचण इन्सुलेशनची आहे, आणि आराखड्यात तिला पहिले स्थान मिळायला हवे. छोट्या रोहित्राच्या वेटोळ्यावर हजारच व्होल्ट असले, तरी साखळीच्या वरच्या टोकाचा ब्रिज जमिनीपासून ९ किलोव्होल्टवर तरंगत असतो. म्हणून त्याच्या दोन वेटोळ्यांमध्ये ११ किलोव्होल्टच्या वर्गाचे पूर्ण इन्सुलेशन हवे, म्हणजे विजेच्या कडकडाटासारखा ७५ किलोव्होल्टचा आघात सोसणारे. वारंवारता कितीही वाढवली तरी ही जाडी कमी होत नाही, आणि ती तीसही रोहित्रांत द्यावी लागते. इपॉक्सीत हवेचा सूक्ष्म बुडबुडा राहिला, तर झटपट चढणाऱ्या-उतरणाऱ्या लहरीने तिथे ठिणग्या पडून इन्सुलेशन आतूनच पोखरले जाते.

कोकणाच्या किनाऱ्यावर यात मिठाची भर पडते. कोरड्या दिवसांत इन्सुलेटरवर साचलेला क्षार पहाटेच्या दवाने ओलावतो आणि त्यावरून गळतीचा प्रवाह सरपटतो. अतिशय प्रदूषित हवेसाठी दर किलोव्होल्टला ३१ मिलिमीटर पृष्ठांतराचा (इन्सुलेटरच्या पृष्ठभागावरून मोजलेल्या अंतराचा) दंडक वापरला, तर ११ किलोव्होल्टच्या जाळ्याचा कमाल दाब धरलेल्या १२ किलोव्होल्टला सुमारे ३७ सेंटिमीटर लागतात. सर्किटच्या पाटीवर एवढी जागा देता येत नाही, म्हणून सगळे बंद पेटीत ठेवायचे. पण मग उष्णता कुठे जाणार? तिन्ही टप्पे ९९ टक्के कार्यक्षम धरले तरी एकूण ९७ टक्के होतात, म्हणजे १०० किलोवॉटला ३ किलोवॉट उष्णता. पंख्याने खारी हवा आत ओढणे परवडणारे नाही. जुन्या डीपीत तेल इन्सुलेशन आणि थंडावा ही दोन्ही कामे निमूटपणे करते.

असे असले तरी, बर्फाचे कारखाने असलेल्या, रत्नागिरीतल्या मिरकरवाड्यासारख्या मासेमारी बंदरावर हे यंत्र उपयोगी ठरेल, असे मला मनापासून वाटते. मोटारी सुरू होताना कोसळणारा दाब ते सावरते आणि छतावरचे सौर पॅनेल किंवा बॅटरी त्याच्या डीसी टप्प्यालाच थेट जोडता येते. आडवाटेच्या वाडीवर मात्र घाई नको. माडाची झावळी तारांवर पडून शॉर्ट सर्किट झाले, तर जुनी डीपी सेकंद-दोन सेकंद प्रचंड प्रवाह सोसते आणि तेवढ्यात फ्यूज वितळतो. आयजीबीटीला मात्र सुमारे १० मायक्रोसेकंदच मिळतात. त्याआधी सर्किटने स्वतःला बंद केले, तर फ्यूज शाबूत राहतो आणि दोष नेमका कुठल्या तारेवर आहे हे लाइनमनला कळत नाही. म्हणून नव्या यंत्रासोबत वाडीच्या संरक्षणाची मांडणीही नव्याने करावी लागेल.