देहगुहा आणि जननस्तर

शरीराची भिंत आणि अन्नमार्ग यांच्या मधल्या, द्रवाने भरलेल्या पोकळीला देहगुहा म्हणतात. मासळी साफ करताना पोट चिरून आतडी काढतात ती याच पोकळीतून; माणसाला जलोदर होतो तेव्हा पाणी साठते तेही हिच्यातच. हायड्रा या गोड्या पाण्यातल्या इवल्या प्राण्याच्या आतली पोकळी मात्र अन्न पचवण्याची असते. तिला देहगुहा समजण्याची चूक विद्यार्थ्यांकडून हमखास होते.

देहगुहेचे मूळ भ्रूणात आहे. वाढत्या भ्रूणात पेशींचे जे थर बनतात ते जननस्तर. कोंबडीच्या भ्रूणातले असे तीन थर ख्रिश्चन पांडर यांनी १८१७ मध्ये वर्णिले. बाह्यस्तरापासून त्वचेचा वरचा थर व चेतासंस्था, अंतःस्तरापासून आतड्याचे अस्तर व यकृत, तर मध्यस्तरापासून स्नायू आणि रक्त तयार होते. हायड्रा, जेलीफिश यांना मध्यस्तर नसतो.

देहगुहेचा प्रकार ठरतो तो या मध्यस्तरावरून. पट्टकृमीसारख्या चपट्या कृमींत आतडे असो वा नसो, मधली जागा पेशींनी भरलेली असते, देहगुहा नाही. पोटातल्या जंतांसारख्या गोल कृमींत पोकळी असते, पण मध्यस्तराचे अस्तर फक्त भिंतीच्या बाजूने, आतड्यावर नाही. म्हणून ती फसवी देहगुहा. पोकळी मध्यस्तरातच तयार होऊन तिला सर्व बाजूंनी त्याचे अस्तर असले, तर ती खरी.

खऱ्या देहगुहेची करामत गांडुळात पाहावी. त्याच्या बहुतेक वलयांमध्ये पडदे असतात आणि आतला द्रव दाबला तरी आकारमानाने कमी होत नाही. गोलाकार स्नायू आवळले की वलय बारीक होऊन लांबते, उभे स्नायू आवळले की आखूड होऊन फुगते. एकही हाड नसताना गांडूळ माती फोडत जाते ते या द्रवाच्या बळावर. झुरळात खरी देहगुहा अगदी थोडी उरते. आत दिसणारी मोठी पोकळी रक्ताची असते.

देहगुहा नसलेले, फसवी असलेले, खरी असलेले, ही चढती शिडी प्राणी ओळखायला सोयीची आहे, पण तिच्यावरून नाती जुळवणे चुकीचे. १९९७ मध्ये जनुकांच्या तुलनेतून गोल कृमी झुरळासारख्या संधिपाद (सांधे असलेल्या पायांच्या) प्राण्यांच्या जवळचे ठरले; दोघेही कात टाकतात. चपट्या कृमींचे नाते तर गांडूळ आणि गोगलगायीशी निघाले.