विद्यार्थी जातात, मंडळ कसे उरते? : महाविद्यालयीन ख्रिस्ती मंडळांची पार्श्वभूमी

महाविद्यालयात ख्रिस्ती विद्यार्थ्यांचे मंडळ सुरू करायचे ठरले की आज आधी अर्ज, घटना, पदाधिकाऱ्यांची यादी आणि सभेसाठी खोली यांचा विचार होतो. इतिहासात हा क्रम उलटा होता. आधी चार-पाच जण एकत्र प्रार्थनेला बसू लागले. नाव, नियम आणि मान्यता पुष्कळ नंतर आल्या. विद्यार्थी शिकून निघून जातात आणि त्यांच्यामागे काहीच उरत नाही, हा अनुभव वारंवार आल्यावर या गोष्टींची गरज पटली.

१६८६ मध्ये जर्मनीतील लायप्झिग विद्यापीठात आउगुस्ट हर्मान फ्रँके आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मूळ हिब्रू व ग्रीक भाषांतून बायबल वाचणारे एक अभ्यासमंडळ सुरू केले. विद्वत्तेसाठी सुरू झालेले हे वाचन लवकरच जीवनाला लागू करण्याचे वाचन झाले. विद्यार्थ्यांची गर्दी वाढली, तसा प्रस्थापित धर्मशास्त्रज्ञांचा विरोधही वाढला आणि अखेर फ्रँके यांना लायप्झिग सोडावे लागले.

ऑक्सफर्डमधील गटाची गोष्ट अधिक परिचित आहे. १७२९ च्या सुमारास चार्ल्स वेस्ली आणि त्यांचे मित्र नियमाने एकत्र येऊ लागले आणि थोड्याच काळात त्यांचे थोरले बंधू जॉन यांच्याकडे पुढारीपण आले. बुधवारी व शुक्रवारी उपवास, नियमित प्रभुभोजन (ख्रिस्ताच्या शेवटच्या भोजनाच्या स्मरणाचा विधी), शास्त्रवाचन आणि तुरुंगातील कैद्यांची भेट असा त्यांचा काटेकोर क्रम होता. त्यावरूनच इतरांनी त्यांना चेष्टेने ‘मेथडिस्ट’ (ठरलेल्या पद्धतीने वागणारे) म्हटले आणि तेच नाव पुढे एका मोठ्या पंथाला चिकटले. तरीही मला या गटाच्या यशापेक्षा त्याचा शेवट अधिक महत्त्वाचा वाटतो. १७३५ मध्ये वेस्ली बंधू अमेरिकेतील जॉर्जियाला गेले आणि ऑक्सफर्डमधील मंडळ हळूहळू विरून गेले. व्यक्तींवर उभे असलेले काम व्यक्तींबरोबरच गेले.

ऑगस्ट १८०६ मध्ये मॅसॅच्युसेट्समधील विल्यम्स कॉलेजचे पाच विद्यार्थी उघड्यावर प्रार्थनेसाठी जमले असताना वादळ आले आणि त्यांनी गवताच्या गंजीचा आडोसा घेतला. सॅम्युएल मिल्स त्यांच्यात होता. त्या दिवशी दूरदेशी सुवार्ता नेण्याविषयी त्यांचे जे बोलणे झाले, त्यातून १८१० मध्ये ‘अमेरिकन बोर्ड’ ही परदेशी मिशनकार्याची संस्था उभी राहिली आणि तिचे मिशनरी १८१३ मध्ये मुंबईला पोहोचले. इथे विद्यार्थी पांगले, पण काम थांबले नाही, कारण मिल्स आणि त्याच्या सोबत्यांनी पुढच्या शिक्षणाच्या ठिकाणीही सोबती जोडले आणि आपला संकल्प चर्चच्या वडीलधाऱ्यांपुढे रीतसर मांडला.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात संघटना खऱ्या अर्थाने बांधली गेली. इंग्लंडमध्ये १८७१ च्या कायद्याने ऑक्सफर्ड व केंब्रिजमधील बहुतेक पदव्या आणि पदांसाठीची धार्मिक अट रद्द झाली. त्यानंतर १८७७ मध्ये केंब्रिजच्या आणि १८७९ मध्ये ऑक्सफर्डच्या वेगवेगळ्या कॉलेजांतील ख्रिस्ती गट एका संघात आले. श्रद्धा ही संस्थेची अट उरली नाही, तेव्हा ती जपण्याची जबाबदारी विद्यार्थ्यांनी स्वतः उचलली, असे या घटनाक्रमावरून मला वाटते. अमेरिकेत १८५८ पासून विद्यापीठांत वायएमसीए या ख्रिस्ती तरुणांच्या संघटनेच्या शाखा होत्या, आणि १८७३ मध्ये इलिनॉयमध्ये विद्यार्थिनींची वायडब्ल्यूसीए सुरू झाली. १८७७ मध्ये ल्यूथर विशार्ड यांची वायएमसीएच्या महाविद्यालयीन कामासाठी चिटणीस म्हणून नेमणूक झाली. कॉलेजा-कॉलेजांतून फिरणाऱ्या या माणसामुळे दर तीन-चार वर्षांनी बदलणाऱ्या मंडळांना प्रथमच सलग आधार मिळाला.

१८८६ मध्ये मॅसॅच्युसेट्समधील माउंट हर्मन येथे अमेरिकन सुवार्तिक डी. एल. मूडी यांच्या उपस्थितीत सुमारे अडीचशे विद्यार्थ्यांचे उन्हाळी शिबिर भरले आणि त्यातील शंभर जणांनी मिशनकार्याला जाण्याची तयारी दर्शवली. कॉर्नेलचे विद्यार्थी जॉन मॉट त्यांच्यात होते. पुढे त्यांच्याच पुढाकाराने १८९५ मध्ये स्वीडनमधील वाद्स्तेना येथे जागतिक विद्यार्थी ख्रिस्ती महासंघ स्थापन झाला.

विस्तारासोबत मतभेदही आले. बायबलचा अधिकार आणि वधस्तंभावरील प्रायश्चित्ताचे (ख्रिस्ताने माणसांच्या पापांसाठी मरण पत्करले या शिकवणीचे) स्थान या प्रश्नांवरून केंब्रिजचा संघ १९१० मध्ये स्टुडंट ख्रिश्चन मूव्हमेंट या ब्रिटनमधील व्यापक विद्यार्थी चळवळीपासून वेगळा झाला. महायुद्धानंतर १९१९ मध्ये समेटाची बोलणी झाली, पण प्रायश्चित्त शिकवणुकीच्या केंद्रस्थानी असलेच पाहिजे का, या मुद्द्यावर ती फिसकटली. त्यातूनच इव्हँजेलिकल (बायबलच्या अधिकारावर भर देणाऱ्या) गटांची इंटर-व्हर्सिटी फेलोशिप १९२८ मध्ये उभी राहिली, आणि १९४७ मध्ये चीनसह दहा देशांच्या विद्यार्थी चळवळींनी मिळून आपला आंतरराष्ट्रीय संघ स्थापन केला. कॅथलिक विद्यार्थ्यांची वाट वेगळी होती. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात १८९३ मध्ये पहिला न्यूमन क्लब विद्यार्थ्यांनीच काढला, पण पुढे अशा क्लबांभोवती धर्मगुरूंच्या देखरेखीखालील केंद्रे उभी राहिली.

मान्यतेचा प्रश्न सर्वांत उशिरा न्यायालयात गेला. मिसुरी विद्यापीठाच्या कॅन्सस सिटी येथील शाखेने एका ख्रिस्ती विद्यार्थी गटाला सभेसाठी जागा नाकारली होती. इतर विद्यार्थी गटांना जागा खुली असताना केवळ उपासनेच्या कारणाने या गटाला वगळता येणार नाही, असा निकाल अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९८१ मध्ये दिला. २०१० मध्ये प्रश्न सदस्यत्वाचा होता: मान्यताप्राप्त गटाने सदस्यांकडून आणि पदाधिकाऱ्यांकडून श्रद्धेचे निवेदन (ठरलेल्या श्रद्धा मान्य असल्याची कबुली) मागावे का? सर्व गटांनी प्रत्येक विद्यार्थ्याला सामावून घ्यावे, हा कॅलिफोर्नियातील एका सरकारी विधी महाविद्यालयाचा नियम न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी ग्राह्य धरला. त्यामुळे अमेरिकेतील सरकारी संस्थांत मंडळाची घटना लिहिताना सदस्य कोण आणि पुढारी कोण, ही दोन कलमे संस्थेचा नियम समोर ठेवूनच लिहावी लागतात.